मान्सूनी खाड्यांतील सूक्ष्म शैवाल : कोचीन ते मांडवी-जुवारी

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांना वर्षभरात दोन अगदी वेगळी रूपे असतात. मे महिन्यात कोचीनच्या किंवा पणजीच्या खाडीच्या तोंडाशी पाणी समुद्राइतकेच खारट असते. हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार. जूनमध्ये पाऊस लागतो, नद्या दुथडी भरून वाहू लागतात आणि काही आठवड्यांत तिथलेच वरचे पाणी जवळजवळ गोडे होऊन जाते. पाऊस ओसरल्यावर समुद्र पुन्हा हळूहळू आत सरकू लागतो. ही उलथापालथ खाडीतल्या प्रत्येक जिवाला दरवर्षी सोसावी लागते. कालवांना शिंपले मिटून घेता येतात, मासे आपल्याला मानवेल त्या पाण्याकडे निघून जातात. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या एकपेशीय शैवालाला यांतले काहीच जमत नाही. तरीही खाडीतील अन्नसाखळीचा पाया प्रामुख्याने तेच घालते. ते हा बदल कसा पेलते आणि त्याच्यावर खाडीची मासळी कशी पोसली जाते, याची पद्धतशीर मोजणी १९६० च्या दशकात कोचीनला झाली. त्या कामाचे नेतृत्व डॉ. सय्यद झहूर कासीम यांनी केले.

हे शैवाल म्हणजे वनस्पतिप्लवक. खाडीत त्यातला मोठा वाटा डायाटमांचा असतो. डायाटमाची पेशी सिलिकेच्या पारदर्शक कवचात राहते आणि त्या कवचाची दोन शकले डबी व तिचे झाकण जसे एकमेकांत बसते तशी बसलेली असतात. स्केलेटोनिमा नावाचा डायाटम पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत फार आढळतो. त्याची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. पण सिलिकेच्या बारीक काड्यांनी जोडलेल्या पेशींच्या साखळ्या सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येतात. कवचासाठी लागणारी सिलिका मुख्यतः नद्या आणतात. सह्याद्रीचा खडक झिजतो, त्यातली सिलिका पाण्यात विरघळून खाडीत उतरते. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची संयुगेही पुराच्या पाण्याबरोबर येतात. म्हणजे पाऊस एका हाताने मीठ काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने खत देतो. शैवालाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हा खरा प्रश्न होता.

तोपर्यंतचे बहुतेक ज्ञान थंड प्रदेशांतले होते. उत्तर अटलांटिकात हिवाळ्यात प्रकाश अपुरा पडतो आणि वादळांमुळे पाणी खोलवर घुसळले जाते, त्यामुळे शैवाल वाढत नाही. वसंतात ऊन वाढते, वरचा थर स्थिर होतो आणि थोड्याच दिवसांत शैवालाची झपाट्याने वाढ होते. हरल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ मध्ये या क्रमाला गणिती बैठक दिली. नदीमुखांचा अभ्यासही असाच समशीतोष्ण प्रदेशात रुजला. अमेरिकेतील चेसापीक उपसागरावर काम करणाऱ्या डोनाल्ड प्रिचर्ड यांनी गोडे आणि खारे पाणी एकमेकांत कसे मिसळते याचे जे वर्गीकरण केले, तेच पुढे सगळीकडच्या पाठ्यपुस्तकांत गेले. स्वेरड्रुप यांच्या मांडणीत वर्षाचे चक्र सूर्य फिरवतो. भारतीय किनाऱ्यावर सूर्य बारा महिने पुरेसा असतो. बदलतो तो पाऊस.

इथले काही पुरावे आधीपासून हाताशी होते. मलबार किनाऱ्यावर पाणी रंग बदलते आणि मासे मरून पडतात, त्यामागे सूक्ष्म जीव असतात, हे मद्रास मत्स्यखात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्येच लिहिले होते. १९५९ मध्ये आर. सुब्रह्मण्यन यांनी कालिकतच्या समुद्रातील अनेक वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत वनस्पतिप्लवकाचा भर नैर्ऋत्य मान्सूनच्या महिन्यांत दिसत होता. आकाश झाकोळलेले, पाणी गढूळ, समुद्र खवळलेला, आणि नेमके तेव्हाच शैवाल सर्वाधिक. नोंद महत्त्वाची होती, पण कारण उलगडायला नुसती मोजदाद पुरेशी नव्हती. शैवाल किती आहे याबरोबरच ते किती वेगाने अन्न बनवते आणि कोणत्या पाण्यात अधिक बनवते, हे तपासावे लागणार होते.

कासीम यांचा जन्म १९२६ चा, अलाहाबादचा. अलीगढला प्राणिशास्त्र शिकून ते १९५३ मध्ये वेल्समधील बँगोर येथे गेले आणि तिथल्या किनाऱ्यावरील खडकांत राहणाऱ्या एका लहान माशावर त्यांनी संशोधन केले. त्या काळात, १९५६ मध्ये, त्यांनी एक निबंध लिहिला. वेगवेगळ्या अक्षांशांवरील सागरी मासे अंडी कधी घालतात आणि किती काळ घालतात, हा त्याचा विषय. उत्तरेकडच्या माशांची पिले प्लवकाच्या छोट्या हंगामाला गाठ पडेल अशा बेताने जन्मतात, हे सूत्र त्यात होते. पुढच्या कामाची दिशा या निबंधात दिसते. जिथे प्लवकाचा हंगाम थंडी-उन्हाने ठरत नाही, तिथे माशांचे आणि कोळंबीचे वेळापत्रक कशावर बेतलेले असेल, हा प्रश्न घेऊनच जणू हा माणूस मायदेशी परतला.

परतल्यावर त्यांना काळही अनुकूल मिळाला. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू होती. तिच्या जहाजांनी गोळा केलेले प्राणिप्लवक निवडण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने १९६२ मध्ये कोचीनला जीवशास्त्रीय केंद्र उघडले होते. मोहीम १९६५ मध्ये संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. महासागराच्या मोहिमेला मोठी जहाजे लागत. खाडीला मात्र एक लहान होडी पुरत असे, आणि तीच ठिकाणे पुन्हा पुन्हा, बारा महिने गाठता येत. कासीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फायदा पुरेपूर घेतला. सातत्याने घेतलेल्या अशा नोंदींचे मोल एखाद्या भव्य सफरीपेक्षा अनेकदा जास्त ठरते, आणि कोचीनचे काम त्याचा उत्तम नमुना आहे.

कोचीनचे बॅकवॉटर हा वेंबनाड सरोवराचा उत्तरेकडचा भाग. पेरियार, मुवाट्टुपुळा, मीनच्चिल, मणिमला, पंपा आणि अच्चनकोविल या सहा नद्या या जलाशयात उतरतात. रॉबर्ट ब्रिस्टो यांनी १९२० च्या दशकात वाळूचा बांध फोडून बंदराचा मार्ग खोल केला आणि उपसलेल्या गाळावर विलिंग्डन बेट उभे राहिले. आजूबाजूला पोक्कळी शेती: पावसाळ्यात खाजणासारख्या जमिनीत भात, आणि पाणी खारे झाले की त्याच शेतात कोळंबी. काठावर चिनी जाळी. इथल्या कोळंबीचे व्यापारी महत्त्व त्या दशकात झपाट्याने वाढत होते. त्यामुळे खाडी किती अन्न तयार करते हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिला नव्हता.

मोजणीची एक पद्धत जुनी आणि साधी होती: उजेडाची बाटली आणि अंधाराची बाटली. एकाच ठिकाणचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरायचे. एक नुसती पारदर्शक, दुसरी काळ्या आवरणाची. दोन्ही दोरीला बांधून ठरावीक खोलीवर काही तास सोडायच्या. पारदर्शक बाटलीत शैवाल प्रकाशसंश्लेषण करते आणि श्वसनही. काळ्या बाटलीत फक्त श्वसन. बाटल्या वर आल्या की त्यांत मँगनीजचे लवण आणि अल्कयुक्त आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तसा तपकिरी साका बसतो. काळ्या बाटलीतला साका फिकट. आम्ल घातले की साका विरघळून पाणी पिवळे होते, मग थायोसल्फेटचे थेंब मोजत सोडायचे. शेवटी स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, त्यावरून प्राणवायू कळतो. दोन बाटल्यांतील फरक म्हणजे त्या काही तासांत शैवालाने केलेले एकूण उत्पादन. जोडीला नवी पद्धतही वापरली गेली. पाण्यात किरणोत्सारी कार्बन-१४ अल्प प्रमाणात घालायचा, मग पाणी गाळून शैवालाने त्यातला किती कार्बन शरीरात घेतला ते मोजायचे. डेन्मार्कच्या स्टीमन नीलसन यांनी ही पद्धत १९५२ मध्ये मांडली होती. श्वसनाचा हिशेब पहिल्या पद्धतीत स्वतंत्र मिळतो, दुसरी अधिक संवेदनशील. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवल्यामुळे कोचीनच्या निष्कर्षांना वजन आले.

१९६८ मध्ये पी. एम. ए. भट्टतिरी आणि एस. ए. एच. आबिदी यांच्यासह कासीम यांनी खाडीत ऊन किती खोल जाते याचा हिशेब दिला. हे पाणी गढूळ असल्याने शैवालाला पुरेल एवढा प्रकाश वरच्या काही मीटरांतच मिळतो आणि पावसाळ्यात ही मर्यादा आणखी वर सरकते. १९६९ मध्ये वेलरशाउस, भट्टतिरी आणि आबिदी यांच्याबरोबरचा मोठा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. त्यानुसार या खाडीतील एकूण उत्पादन वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे २८० ग्रॅम कार्बन इतके होते. उष्ण प्रदेशातला मोकळा समुद्र बहुतांशी निकस असतो. त्या मानाने हा आकडा भरघोस होता. त्याच वर्षी व्ही. एन. शंकरनारायणन यांच्याबरोबर पोषक क्षारांचा, तर गोपीनाथन यांच्याबरोबर भरती-ओहोटीच्या एकेका फेऱ्यात पाणी कसे बदलते याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेक निबंध वेगळा वाचला तर कोरडा वाटतो. एकत्र ठेवले की खाडीचे पूर्ण वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते: प्रकाश, क्षार, खत आणि त्यांच्यावर वाढणारे शैवाल.

मूळ कोड्याचे उत्तर १९७२ मध्ये आले. कासीम, भट्टतिरी आणि व्ही. पी. देवस्सी यांनी खाडीतील शैवालाच्या जाती वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि प्रत्येक जातीला कमी-अधिक क्षारतेच्या पाण्यात ठेवून कार्बन-१४ च्या साहाय्याने तिच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजला. जाती समुद्री वंशाच्या, म्हणून पूर्ण खाऱ्या पाण्यात त्यांची गती सर्वाधिक असावी अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात बहुतेकांचा वेग मचूळ पाण्यात, साधारण हजारी १० ते २० क्षारतेला, कमाल भरला. सागरी पाण्यापेक्षा अर्ध्या खारटपणात ही शैवाले अधिक जोमाने काम करत होती.

या एका निकालाने मान्सूनचा अर्थ बदलला. तोवर पाऊस म्हणजे शैवालावरचे संकट असे मानणे स्वाभाविक होते: मीठ उतरते, ऊन कमी होते, पाणी वेगाने समुद्राकडे धावते. आता दिसले की खत सर्वाधिक असते त्याच काळातल्या कमी खारटपणाशी या जातींची शरीरे जुळलेली आहेत. सुब्रह्मण्यन यांच्या तक्त्यातला पावसाळी भर आता निव्वळ योगायोग वाटण्याजोगा राहिला नाही. वर्षानुवर्षे मान्सून झेलणाऱ्या किनाऱ्याने निवडलेली ही शैवाले होती. ‘मरीन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला हा निबंध फार लांब नाही, पण भारतीय नदीमुखांच्या अभ्यासातील तो सर्वांत फलदायी निबंधांपैकी एक मानायला हवा.

उत्पादन झाले, पण खाते कोण? समशीतोष्ण समुद्रात शैवालाचा बराचसा भाग प्राणिप्लवक, विशेषतः कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी, फस्त करतात. कोचीनला तसा हिशेब जुळेना. पावसाळ्यात समुद्री प्राणिप्लवकाला मचूळ पाणी सोसत नाही, ते खाडीतून हटते. म्हणजे चारा सर्वांत मुबलक तेव्हा चरणारे सर्वांत थोडे. जॉन स्टील यांनी संपादित केलेल्या ‘मरीन फूड चेन्स’ या १९७० च्या ग्रंथातील प्रकरणात कासीम यांनी हा ताळेबंद मांडला. प्राणिप्लवक खाते तो वाटा लहान. उरलेले शैवाल तळाशी बसते, कुजते आणि जिवाणूंसह सेंद्रिय गाळाचा भाग बनते. १९७२ मध्ये शंकरनारायणन यांच्याबरोबर त्यांनी या गाळाचेच परीक्षण केले. कोळंबी आणि बोय नावाचे मासे तळाचा असा गाळ चिवडून खातात. थंड समुद्रात शैवालाकडून माशाकडे जाणारी वाट पाण्याच्या वरच्या थरातून जाते, तर इथे ती तळावरून वळसा घेऊन जाते, हे त्यातून पुढे आले. ही खाडी कोळंबीला एवढी का मानवते, याचे उत्तर या वळशात आहे. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिले वाढायला खाडीत येतात आणि तिथे तळावर त्यांचे ताट वाढलेले असते.

आणखी एका कामाचा उल्लेख गरजेचा आहे. प्लवक गोळा करायला रेशमी किंवा नायलॉनची जाळी वापरण्याची रीत होती. जाळीच्या छिद्रांतून निसटणारे अतिसूक्ष्म शैवाल मोजणीतून सुटत असे. १९७४ मध्ये कासीम, विजयराघवन, जोसेफ आणि बालचंद्रन यांनी या दोन गटांचा वाटा वेगवेगळा काढला आणि खाडीच्या उत्पादनात निसटणाऱ्यांचा भाग मोठा असल्याचे दाखवले. जाळीत सापडणारे देखणे डायाटम पाहून खाडीचा अंदाज बांधणे अपुरे होते.

त्याच वर्षी कासीम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. संस्थेचे मुख्यालय तोवर गोव्यात आले होते आणि पुढे दोनापावलच्या टेकडीवर स्थिरावले. टेकडीच्या पायथ्याशी जुवारी, पलीकडे मांडवी. पी. व्ही. देहाडराय यांनी या दोन नद्यांतील भरती-ओहोटीचे परिणाम १९७० मध्येच मांडले होते आणि १९७२ मध्ये भार्गव यांच्याबरोबर त्यांनी येथील सेंद्रिय उत्पादनाचा ऋतुवार आढावा घेतला होता. सह्याद्रीत म्हादई म्हणून उगम पावणारी मांडवी आणि तिच्या दक्षिणेची जुवारी कुंभारजुवे कालव्याने जोडलेल्या आहेत. भरती दोन्हींत सुमारे ५० किलोमीटर आत चढते. काठाला खाजन शेती आहे. बांध आणि मानस नावाचे लाकडी दरवाजे यांच्या आधारे गावकऱ्यांनी खारे पाणी पिढ्यानपिढ्या आत-बाहेर खेळवले. नदीतून लोहखनिजाच्या बार्जा मुरगावकडे जात. १९८१ मध्ये कासीम आणि आर. सेनगुप्ता यांनी या जोडखाडीचे समग्र वर्णन प्रसिद्ध केले. पावसाळ्यात गोडे पाणी वर आणि खारे पाणी खाली असे थर पडतात. पाऊस संपला की भरती-ओहोटी सगळे पाणी ढवळून एकजीव करते. कोचीनला दिसलेला क्रम इथेही होता, आणि तो एका बंदराचा विशेष नसून किनाऱ्याचा स्वभाव आहे हे ठरले.

देवस्सीही गोव्यात काम करत राहिले. जोआकिम गोएस यांच्यासह १९८८ मध्ये त्यांनी मांडवी-जुवारीतील शैवालांचा वार्षिक फेरा लिहिला. पावसात जाती थोड्या उरतात आणि स्केलेटोनिमा बहुतेक जागा व्यापतो. खारटपणा वाढेल तशा इतर जाती परततात आणि उन्हाळ्यात विविधता वाढते. गोएस पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत अरबी समुद्रातील शैवालाच्या बहरांवर काम करू लागले.

कोचीनमध्ये दरम्यान खाडीच बदलत होती. कुट्टनाडच्या भाताला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तण्णीरमुक्कम येथे वेंबनाडवर दरवाजांचा बांध घातला गेला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो कोरड्या महिन्यांत बंद ठेवला जाऊ लागला. भाताचे दुसरे पीक मिळाले. पण खारे पाणी आणि त्याबरोबर येणारी कोळंबीची पिले वरच्या भागात पोहोचेनाशी झाली, साचलेल्या पाण्याची प्रत घसरली आणि मच्छीमारांच्या रोजीला धक्का बसला. क्षारतेचा वार्षिक चढउतार हाच या खाडीचा श्वास आहे, हे कोचीनच्या निबंधांत आकड्यांनिशी लिहिलेले होते. बांधाचा विचार करताना त्या आकड्यांना जेवढे वजन मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९८१ मध्ये कासीम पर्यावरण खात्याचे सचिव झाले आणि त्याच डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते. २१ जणांची तुकडी घेऊन ‘पोलर सर्कल’ हे जहाज जानेवारी १९८२ मध्ये त्या खंडाला टेकले. पुढे महासागर विकास खात्याचे सचिवपद, जामिया मिलिया इस्लामियाचे कुलगुरुपद आणि नियोजन आयोगाचे सदस्यत्व आले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. लोकांच्या लक्षात राहिली ती बर्फावरची मोहीम. विज्ञानात मात्र कोचीनच्या बाटल्यांचे काम अधिक खोल रुजले.

त्या कामाला भौतिकशास्त्राची जोड २००९ मध्ये मिळाली. व्ही. विजित, डी. सुंदर आणि सतीश शेट्ये यांनी मांडवीतील क्षारतेच्या नोंदींवरून ‘मान्सूनी खाडी’ हा स्वतंत्र प्रकार मांडला. अशा खाडीत एका पावसाळ्यात येणारे पाणी खाडीच्या स्वतःच्या आकारमानापेक्षा जास्त असते. खाडी जवळजवळ धुऊन निघते आणि कोरडा हंगाम समुद्राला पुन्हा आत शिरण्यात जातो. तो पुरता शिरतो न शिरतो तोच पुढचा पाऊस येतो. समशीतोष्ण नदीमुखांत क्षार येण्या-जाण्याचा जो तोल गृहीत धरला जातो, तो इथे कधीच बसत नाही.

शैवालाचे चित्रही बारकाव्याने भरत गेले. दोनापावलला जगदीश पाटील आणि अर्ग चंद्रशेखर अनिल यांनी जुवारीच्या पाण्याचे नमुने थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतराने घेतले आणि २०११ मध्ये दाखवले की पावसाळा शैवालासाठी सलग एक ऋतू नाही. धुवाधार पावसात पेशी वाहून जातात. पाऊस उघडीप देतो, ऊन पडते, पाणी थांबते आणि पुराने आणलेल्या खतावर स्केलेटोनिमाचा बहर उठतो. पुढच्या सरी आल्या की तो पुन्हा विरतो. ज्या डायाटमाला दशकानुदशके स्केलेटोनिमा कॉस्टेटम या एकाच नावाने ओळखले जाई, त्यात अनेक वेगळ्या जाती दडलेल्या असल्याचे इटलीतील सार्नो, झिंगोने आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे कोचीन आणि गोव्याच्या जुन्या तक्त्यांतील त्या एका नावाखाली प्रत्यक्षात कोणत्या जाती मोजल्या गेल्या, त्या सगळ्या गोड्या पाण्याला सारख्याच तयार आहेत का, आणि एकीनंतर दुसरी येते का, हे तपासण्याचे काम आता जनुकीय चाचण्यांकडे आले आहे.